चावी चावीतच असते

बॅटरीच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. मेलेल्या बॅटऱ्या आणि किस्से. मेलेल्या बॅटऱ्या निदान कंपनीवाले उचलून नेतात. किस्से कोण नेणार? ते काउंटरमागे पडून राहतात आणि कुणी ओळखीचं चहाला टेकलं की एकेक बाहेर निघतो. आज तुम्ही टेकलात, तेव्हा तुम्हीच ऐका.

आमचं दुकान तुमसरला, बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकानात माणसं दोन. एक आमचे मिस्तरी, म्हणजे माझा नवरा. सारा गाव त्यांना मिस्तरी म्हणतो, म्हणून मीही मिस्तरीच म्हणते. दुसरी मी. फोन उचलणं, काउंटर सांभाळणं, आणि गाडी बाहेरगावी बंद पडली तर मोटरसायकलवर मागे बसून जाणं ही माझी कामं. पुढे मिस्तरी, मागे मी आणि मधे पोत्यात गुंडाळलेली चार्ज केलेली बॅटरी. लोक विचारतात, "वहिनी, तुम्ही कायले जाता?" अहो, बॅटरी कोण धरणार?

पूर्वी हे काम सोपं होतं. जीपचं दार लागलं की काचेच्या फटीतून तार घालायची, खटका ओढायचा, झालं. आता गाडीला चावी नाही, रिमोट असतो. खिशात ठेवायचा, हँडलला हात लावला की दार उघडतं. पण बॅटरी मेली की दार उघडत नाही. बॅटरी असते बॉनेटखाली. बॉनेटचा खटका असतो गाडीच्या आत. आणि आत जायचं तर दार उघडायला हवं! माणूस नुसता गाडीभोवती प्रदक्षिणा घालत राहतो.

खरं तर उपाय अगदी सोपा आहे. रिमोटच्या पोटात एक लोखंडी चावी लपवलेली असते. बाजूचं बारकं बटण दाबलं की ती बाहेर सरकते. दाराच्या हँडलवर एक टोपण असतं, ते काढलं की खाली चावीचं भोक. पण हे कुणाला माहीत नसतं, आणि इथेच आमच्या मिस्तरींची खोड येते.

ते मुकाट्यानं दार उघडत नाहीत. आधी चार माणसं जमू देतात. मग रिमोट वर धरतात, सर्रकन चावी बाहेर काढतात आणि म्हणतात, "चावी चावीतच असते!" एवढ्यावर थांबले तरी चाललं असतं. पुढे मालकाला विचारतात, "गाडीसंग पुस्तक देल्लं होतं नं? वाचलं का?" मालकाचं तोंड पाहण्यासारखं होतं. मी कितीदा म्हटलं, "अहो, दार उघडा, तोंड उघडू नका." पण नाही!

त्यात दोन वर्षांपासून आमच्या अगदी समोर दुसरं बॅटरीचं दुकान झालंय. त्या माणसाला काम किती येतं देव जाणे, पण तो हसतो छान. आमचं गिऱ्हाईक एकदा रस्ता ओलांडून तिकडे गेलं की परत येत नाही. मला धास्ती त्याची असते, बॅटरीची नाही.

*

पहिलं गिऱ्हाईक आम्ही असंच घालवलं. ते होते निवृत्त हेडमास्तर, आणि मिस्तरी त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

गुरुजींच्या मुलाचं जमत आलं होतं. मुलीकडचे घर पाहायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि गुरुजी म्हणाले, चला, नव्या गाडीतून शेत दाखवतो. गाडी महिनाभर कव्हरखाली झोपलेली! उघडेना. आम्ही पोचलो तर अंगणात दहा-बारा पाहुणे उभे. एवढं पब्लिक पाहून मिस्तरींच्या अंगात आलं.

सर्रकन चावी काढली. "चावी चावीतच असते!" आणि मग हसत हसत म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच म्हणत होते नं, धडा वाचून आल्याबिगर वर्गात बसू नका? पुस्तक वाचलं का मग?"

पाहुणे खो खो हसले. गुरुजीही हसले. दोन महिन्यांनी गुरुजींच्या गाडीला नवी बॅटरी बसली, ती समोरच्याकडून. पुढे बाजारात भेटले तेव्हा मी चाचरतच विचारलं, "गुरुजी, आमचं काही चुकलं का?"

"नाही बाई," गुरुजी म्हणाले. "पोरगा हुशार आहे. लहानपणापासून हुशार आहे. म्हणूनच मी त्याले वर्गाच्या बाहेर उभा करत होतो."

*

फोनवरची गिऱ्हाइकं वेगळीच असतात. एकानं विचारलं, "वहिनी, फोनवरूनच उघडून द्या नं. ओटीपी आला तं मी सांगतो!" दुसऱ्याला मी म्हटलं, "रिमोटचा सेल बदलून पाहा." तो म्हणाला, "सेल तं बदलला. पण घड्याळाचा होता, आता दार घड्याळ पाहूनच उघडन का?"

पण सगळ्यांत भारी फोन एका प्राध्यापकांचा. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. भर दुपारी झाडाखाली गाडी लावून, आत बसून, एसीचा पंखा आणि गाणी लावून पेपर तपासत होते. इंजिन बंद. दीड तासानं बॅटरी संपली. घामाघूम आवाजात म्हणाले, "वहिनी, मी गाडीत अटकून राहिलो! काच खाली होत नाही, लॉकचं बटण चालत नाही. मिस्तरीले लवकर पाठवा. जीव घाबरून राहिला!"

मी म्हटलं, "सर, दाराचं आतलं हँडल आहे नं, ते ओढा."

"बॅटरी नाही नं पण!"

"त्याला बॅटरी लागत नाही. ओढा तर."

मग खट्ट! मग रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

"वहिनी," सर हळूच म्हणाले, "मिस्तरीले पाठवू नका. आन् सांगूही नका."

मी अजूनही मिस्तरींना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

करडी गावचे नामदेवभाऊ. धान चांगलं पिकलं, गाडी घेतली. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, होती साळ्याच्या गावी. आमच्याकडे मंडईला न जाणं म्हणजे नातं तोडल्यासारखंच! घरातली सगळी माणसं नवे कपडे घालून अंगणात उभी आणि गाडी उघडेना. फोन आला, "दोन्ही रिमोट मेले, बॅटरीही मेली. नवी घेऊनच या."

आम्ही नवी बॅटरी घेऊन गेलो. मोटरसायकल गावात शिरली तशी सारी आळी गाडीभोवती जमली. मिस्तरी खूश! बाह्या वर करून म्हणाले, "रिमोट आणा."

नामदेवभाऊंनी एक स्टीलचा डबा पुढे केला. घट्ट झाकणाचा, लाडू ठेवतात तसला.

"हे काय?"

"रिमोट. दोन्ही डब्यातच आहे. मोबाइलवर आलं होतं नं, का चोर हवेतूनच सिग्नल पकडते म्हणून. डब्यात ठेवला तं पकडता येत नाही."

"बरं केलं. पण उघडताना बाहेर काढला होता का?"

"कायले काढू? बाहेर काढला तं पकडन नं चोर!"

मिस्तरींनी झाकण उघडलं, एक रिमोट काढला, बटण दाबलं. गाडी टीं टीं करून जागी झाली, आरसे आपोआप बाहेर आले, लाइट लागले. मिस्तरींना आपलं वाक्य म्हणायचीही सोय राहिली नाही.

नामदेवभाऊंची बायको पदर सावरत म्हणाली, "सकाळपासून म्हनून राहिली, डबा तं उघडा. तं म्हणते, तुले गाडीतलं काय समजते!"

नामदेवभाऊ मिस्तरींना गोठ्याकडे घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, आता आलेच आहे तं बॅटरी बदलूनच जा. साऱ्या गावानं बॅटरी येताना पाह्यली आहे!"

मिस्तरींनी चांगली बॅटरी बदलायला साफ नकार दिला. बरोबरच केलं. पण नकाराचं कारण त्यांनी गोठ्यातून अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नामदेवभाऊ आता समोरच्याकडे जातात.

*

आंबागडला मात्र मिस्तरींची पंचाईत झाली. चावी निघाली, टोपण काढायची गरजच नव्हती, ते केव्हाच पडलं होतं. भोक समोर दिसत होतं, पण चावी आत जाईना.

मिस्तरींनी वाकून पाहिलं, बोटानं टोकरलं. भोक गच्च भरलेलं! लालपिवळं, तेलकट, दगडासारखं घट्ट.

मालकाची आई ओसरीवर बसली होती. म्हणाली, "हळदीकुंकू आहे ते."

"भोकात?"

"मंग! दसऱ्याले गाडीची पूजा करतो आमी. ते टोपन पडलं आन् हे दिसलं. उघडं भोक बरं दिसते का देवाच्या पूजेत? दर साली तिथंच हळदीकुंकू लावतो. अक्षताही लावतो."

म्हणजे चार वर्षांची हळद, चार वर्षांचं कुंकू, तेल आणि त्यात रुतलेले तांदूळ! मिस्तरींनी स्क्रू-ड्रायव्हर काढला तशी म्हातारी उठली. "खबरदार! पूजेचं खरडता का? पाप लागन!"

मुलगा म्हणाला, "आई, मले तहसीलमधी एक वाजता कागदं द्यायचे आहेत. आज शेवटची तारीख आहे."

"तं मंग नीट काढा. खाली पडू देऊ नका."

मग तोडगा निघाला. मी माझ्या पदराची सेफ्टी पिन दिली. मिस्तरी गुडघ्यावर बसून एकेक तांदूळ टोकरून काढत होते, आणि म्हातारी दोन्ही हातांची ओंजळ खाली धरून उभी. प्रत्येक दाण्याला नमस्कार. पाऊण तास चाललं. मिस्तरी चकार शब्द बोलले नाहीत, कारण मान वर केली की म्हातारी म्हणायची, "खाली पाहा! दाना पडला!"

शेवटी चावी फिरली. दार उघडलं, बॉनेट उघडलं. मिस्तरींनी वायरी जोडल्या आणि चावीनं दार उघडल्यावर होतं तेच झालं. चोरघंटा सुरू! पों पों पों पों! आळीतली कुत्री पळाली, मुलगा कानावर हात ठेवून ओरडायला लागला, "बंद करा!"

म्हातारीनं ओंजळ कपाळाला लावली. "पावला गा बाप्पा!"

*

आता मिस्तरींची स्वतःची गोष्ट. ही ते सांगत नाहीत, म्हणून मला सांगावी लागते.

एका तांदळाच्या व्यापाऱ्यानं बॅटरी बदलायला गाडी दुकानात सोडली आणि ते दुसऱ्याच्या गाडीनं घरी गेले. मिस्तरींनी रिमोट सीटवर ठेवला. सोबत आपला मोबाइलही ठेवला. जुनी बॅटरी काढली, दारं लावून घेतली, नवी बसवली, बॉनेट धाडकन बंद केलं. काही गाड्यांना बॅटरीची वायर परत जोडली की काय वाटतं कोण जाणे, त्या थोड्या वेळानं स्वतःच दारं लॉक करून घेतात. खटाक! चारही दारं बंद. रिमोट आत, मोबाइल आत, मिस्तरी बाहेर.

ते काचेला नाक लावून उभे राहिले. मी काउंटरवरून पाहत होते. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. पाहून राहिलो."

बाजाराचा दिवस! पाच मिनिटांत पंधरा माणसं. ज्यांना ज्यांना मिस्तरींनी शिकवलं होतं ते सगळे जणू वाटच पाहत होते. एक म्हणाला, "मिस्तरी, चावी चावीतच असते!" दुसरा म्हणाला, "बाजूचं बटण दाबा, सरकन निघते!" तिसरा म्हणाला, "पुस्तक वाचलं का?"

"अरे पण चावी आत आहे!" मिस्तरी ओरडले.

"कुठं? चावीत?"

मी व्यापाऱ्याच्या घरी फोन लावला. म्हटलं, "भाऊ, तुमच्या गाडीची दुसरी चावी जरा पाठवता का? मिस्तरींना दोन्ही चेक करायच्या आहेत."

मग भाऊ म्हणाले, "वहिनी, चेक करायच्या आहेत का गाडीनं मिस्तरीले बाहेर काढलं?"

चावी यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात समोरच्या दुकानातून दोन कप चहा आला. मिस्तरींनी घेतला नाही. मी घेतला. चहा चांगला होता, काय खोटं बोलू!

*

बपेऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या गाडीवर लायटिंग केली होती. माळांची वायर थेट गाडीच्या बॅटरीला. रात्रभर गाडी लखलख चमकली आणि सकाळी बिदाईच्या वेळी मेली.

आम्ही पोचलो तेव्हा नवरी गाडीजवळ उभी, गळ्यात गळे घालून रडणं चाललेलं. गाडी उघडत नाही कळल्यावर रडणं थांबलं. मग कुणीतरी म्हटलं, मिस्तरी आले. सगळ्यांनी पदर सारखे केले आणि परत रडायला सुरुवात केली. मिस्तरी बॅटरी उतरवत होते, तेवढ्यात नवरीनं नवरदेवाच्या हातातून रिमोट घेतला. रडत रडतच मेंदीच्या बोटानं बटण दाबलं, चावी काढली, हँडलवरचं टोपण नखानं उचकटलं, दार उघडलं आणि परत आईच्या गळ्यात पडली.

मिस्तरींचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. बिदाईत हसणं बरं नव्हे म्हणून मीही पदर तोंडाला लावला. बाजूच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी नवरदेवाच्या आईला म्हटलं, "सून हुशार मिळाली हो!"

त्या गाडीच्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "व्हय बाई. घरात पाय ठेवाच्या आधीच कुलूप उघडलं तिनं."

*

आता शेवटचा. हा याच पावसाळ्यातला.

मोहाडीकडच्या एका तलावाच्या गावातले सोमाजी. ढीवर, म्हणजे मासेमार. सारा जन्म तलावावर गेला. त्यांचा एकुलता मुलगा विलास पुण्याला कंपनीत. गाव त्याचं कौतुक करायचं, सोमाजी करत नव्हते. मुलानं जाळ्याला हात लावला नाही हे त्यांच्या मनात सलत होतं. तो सुट्टीवर नवी गाडी घेऊन आला तेव्हा ओल्या पायानं बसू नका म्हणाला. त्या दिवसापासून सोमाजी त्याला "साहेब" म्हणायचे. नाव घेऊन हाक नाही.

त्या दिवशी तलावात मासोळीचं बीज सोडायचं होतं. बोटाएवढी पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. दरवर्षी आणणारा टेम्पो ऐनवेळी आलाच नाही. विलास म्हणाला, मी आणतो. सोमाजी म्हणाले, "साहेबाच्या गाडीत मासोळी? वास लागन." तो काही बोलला नाही. पहाटे निघाला आणि डिकीत वीस पिशव्या घेऊन दहा वाजता तलावावर हजर.

आता बीज सोडण्याआधी तलावाला नारळ फोडायचा असतो, आणि नारळ मासेमार संस्थेच्या अध्यक्षांनीच फोडायचा. अध्यक्ष आले नव्हते. ऊन चढत होतं. पिशव्यांना ऊन लागू नये म्हणून विलासनं गाडी उभी करून आतला पंखा सुरू ठेवला, इंजिन बंद करून. तासभर वाट पाहिली. मग पंखा बंद केला, उरल्यासुरल्या बॅटरीवर गाडी लॉक केली आणि अध्यक्षांना बोलवायला गेला. त्यांना घेऊन आला तर गाडी उघडेना. डिकी बटणाची, तीही उघडेना. आणि बंद गाडीत पिल्लं फार वेळ जगत नाहीत. तेवढं बीज मेलं की गावाला वर्षभर तलाव रिकामा.

फोन मीच उचलला. विलास रडवेल्या आवाजात सगळं भडाभडा बोलला. मी म्हटलं, "भाऊ, आधी ऐका. तुमच्या त्या रिमोटमध्येच..." आणि फोन कटला! तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रेंज टिकत नाही. परत लावला, नाही लागला. दहादा लावला. मिस्तरींनी तेवढ्यात मोटरसायकल काढली. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बॅटरी घेऊन मागे बसले. इतक्या वेगात गाडी मी मिस्तरींना कधी चालवताना पाहिली नव्हती. मी देवाचं नाव घेत होते. काच फोडा म्हणून तरी सांगायला हवं होतं असं सारखं वाटत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाळीवर सगळा गाव. गाडीच्या मागच्या दाराची काच फुटलेली. सीट ओलीचिंब. सीटवरून आत शिरून पिशव्या काढल्या होत्या. आणि त्या पिशव्या, अगदी विसाच्या वीस, तलावाच्या पाण्यावर तरंगत होत्या. आधी थोडा वेळ अशाच ठेवतात, पाण्याची सवय व्हायला. आत पिल्लं वळवळत होती, जिवंत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

विलास कमरेएवढ्या पाण्यात उभा. पँट चिखलानं भरलेली. उजव्या हाताला सोमाजींचा दुपट्टा गुंडाळलेला, त्यावर रक्त. आणि सोमाजी पाळीवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "विलासनं दगड उचलला! माह्या विलासनं! मी म्हनून राहिलो, राहू दे बापा, एवढी मोठी गाडी... तं म्हणते, बाबा, सरका! आन् हानला! मागंपुढं पाह्यलं नाही पोट्ट्यानं!"

मिस्तरींना पाहून ते धावत आले. मागे विलासही पाण्यातून वर आला, आणि त्यांच्यामागे सारा गाव. सोमाजींनी मुलाच्या खिशातून रिमोट काढून मिस्तरींच्या हातात दिला.

"मिस्तरी, तुम्ही जानकार मानूस. खरं सांगा. हे लोक म्हनून राहिले का काच फोडाची गरज नव्हती, घाई केली पोरानं. होता का दुसरा काही उपाय?"

मिस्तरींनी रिमोट हातात फिरवला. अंगठा बाजूच्या बारक्या बटणावर गेला. मला तो अंगठा बावीस वर्षांपासून माहीत आहे. मी मनात म्हटलं, गेलं. दोन-चारशे माणसं जमलेली, असं पब्लिक यांना जन्मात मिळालं नव्हतं. विलास मिस्तरींच्या अंगठ्याकडे पाहत होता. फोनवर माझं तुटलेलं वाक्य त्याला आठवत असावं, कारण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

चावी जराशी बाहेर आली. नखाएवढी. उन्हात चमकलीसुद्धा. मिस्तरींनी ती अंगठ्यानं आत दाबली आणि रिमोट विलासच्या ओल्या शर्टाच्या खिशात ठेवला.

"नव्हता," मिस्तरी म्हणाले.

"आयकलं का रे!" सोमाजी गावाकडे वळून ओरडले. "मिस्तरी म्हणते, नव्हता! विलास, चाल, पिशव्या सोडू."

आम्ही वायरी लावून गाडी सुरू करून दिली. निघताना विलास मिस्तरींसमोर येऊन उभा राहिला आणि खिशातल्या रिमोटवर हात ठेवला. मिस्तरींनी मोटरसायकलला किक मारली. मी बॅटरी मधे घेऊन बसले. तलाव मागे पडला, गाव मागे पडलं, डांबरी रस्ता लागला. मग मला राहवलं नाही.

"नव्हता?" मी विचारलं.

"बॅटरी नीट धर," मिस्तरी म्हणाले. "ॲसिड सांडन."